उन्हाळ्यात बिअर आंबवताना

फिनिक्समध्ये घरी बिअर करणाऱ्यांचं घोडं दर उन्हाळ्यात गॅरेजपाशी अडतं. बाहेर दुपारी ४५ अंश, गॅरेजमध्ये त्याहून उकाडा, आणि एल प्रकारच्या यीस्टला हवे असतात १८ ते २१. त्यात यीस्ट स्वतःही उष्णता सोडतं. पहिले दोन-तीन दिवस आंबण्याला जोर असतो, तेव्हा आतली बिअर बाहेरच्या हवेपेक्षा तीन-चार अंश गरम असते, आणि चवीचं बरंवाईट बहुतेक याच दिवसांत ठरतं. माझ्या पहिल्या उन्हाळी घाण्याला नेलपॉलिश रिमूव्हरचा वास येत होता. सगळा सिंकमध्ये ओतला.

मग भांड्याला ओला टी-शर्ट आणि समोर पंखा. मे-जूनच्या कोरड्या हवेत हे झकास चालतं. जुलैत ॲरिझोनाचा पावसाळा सुरू झाला की हवा दमट होते आणि सगळं मुसळ केरात. नागपूरचा कूलर मुंबईत चालत नाही, तेच हे.

शेवटी वरून उघडणारा जुना फ्रीझर घेतला आणि त्याला बाहेरून तापमान-कंट्रोलर जोडला. हे करणार असाल तर प्रोब हवेत लोंबकळत ठेवू नका. हवा पटकन गार होते, कंट्रोलर कॉम्प्रेसर बंद करतो आणि बिअर आत तापलेलीच राहते. प्रोब भांड्याला, बिअरच्या पातळीच्या खाली चिकटवा आणि वरून बबल-रॅपची जाड घडी लावा. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर पुन्हा सुरू व्हायला निदान पाच मिनिटं जाऊ द्या. कंट्रोलरमध्ये ती सोय असते.

एवढं करूनही माझा फ्रीझर दुपारी चारच्या सुमारास गुरगुरून बंद पडायचा आणि रात्री आपोआप सुरू व्हायचा. कारण मागच्या पट्टीवर छापलेलं असतं, पण ती वाचतो कोण! ‘एन’ वर्गाचा फ्रीझर ३२ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी असतो, अगदी ‘टी’ वर्गाचाही ४३ पर्यंतच. कुणीतरी सुचवलं, बाहेरून थर्माकोल गुंडाळ. हे मात्र चुकूनही करू नका. अशा बऱ्याच फ्रीझरमध्ये उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या भिंतींतच असतात. भिंती झाकल्या की कॉम्प्रेसर गुदमरतो. वायरीसाठी भिंतीला भोकही पाडू नका, नळी फुटली की फ्रीझर भंगारात. वायर झाकणाच्या रबराखालून घ्या.

मी फ्रीझर सरळ घरात, एसीच्या २६ अंशांत आणला. बैठकीत शोभत नाही, पण दिवसभर निवांत चालतो.

उन्हाळ्यात इथल्या नळाचं ‘गार’ पाणीही ३० अंशांच्या वर असतं. त्यामुळे उकळलेला वर्ट, म्हणजे यीस्ट घालण्याआधीचं माल्टचं गोड पाणी, तांब्याच्या नळीतून त्या पाण्याने २० वर येत नाही. आधी पाण्याने जमेल तेवढा निववा, मग झाकून रातभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि यीस्ट सकाळी घाला. गार होताना भांड्यातली हवा आकसते आणि झाकणावरच्या एअरलॉकमधलं पाणी आत ओढलं जातं, म्हणून त्यात पाण्याऐवजी वोडका भरा.

फ्रीझरचा खटाटोप नकोच असेल तर नॉर्वेच्या शेतघरांत पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं क्वाइक यीस्ट घ्या. त्यातलं व्हॉस ३५ अंशांच्या पुढेही खुशीत आंबवतं. बिअरला संत्र्याचा वास येतो, तो मात्र आवडायला हवा.