नाव घ्या, पत्ता घ्या : लेकरांना मराठी शब्द शिकवणारा खेळ



दर जूनमध्ये मेळघाटातल्या, म्हणजे धारणी-चिखलदरा तालुक्यांतल्या कितीतरी गावांत लेकरं पहिल्यांदा शाळेत जातात. घरात बोली कोरकू, हातात पुस्तक मराठी. घरी दिवसभर बडबडणारं पोर वर्गात गप्प बसतं. मग कोणी म्हणतं, "याला काही येत नाही." असं ऐकून ऐकून पोर शाळेला कंटाळतं. पुढे शाळाच सुटते.

खरं तर त्याला येत असतं. कोंबडीला त्यानं रोज दाणे टाकलेले असतात. फक्त तो तिला 'सिम' म्हणतो. मराठी-हिंदी एका कुळातल्या भाषा, कोरकू मात्र संथाली-मुंडारीच्या कुळातली. मूळ शब्दच वेगळे, त्यामुळे नुसतं ऐकून अंदाज लागत नाही. ओळखीच्या वस्तूचं दुसरं नाव त्याला शिकायचंय, एवढंच. त्यासाठी चित्रांचे पत्ते फार कामाला येतात.

पत्ते कसे करायचे?
जुन्या लग्नपत्रिकांचे सारख्या मापाचे 16 तुकडे कापा. घरातल्या, शेतातल्या 8 वस्तू निवडा आणि प्रत्येकीची दोन-दोन चित्रं काढा. चित्र साधंच चालेल. गाय आणि म्हैस एकाच दिवशी घेऊ नका, लेकरं गोंधळतात. चित्राखाली शब्द लिहायची घाई नको. आधी कान आणि तोंड तयार होऊ द्या.

खेळ 1 : जोडी लावा
आधी सगळी चित्रं दाखवा. "हे काय?" विचारा. लेकरू कोरकूत सांगेल, शाबासकी द्या. मग मराठी नाव सांगा, तेही तो-ती-ते सकट : ती कोंबडी, तो बैल, ते झाड. आता पत्ते पालथे मांडा. एकानं दोन पत्ते उलटायचे. जोडी जुळली आणि मराठी नाव घेतलं, तरच पत्ते त्याचे. उंबऱ्यावर नाव घेतल्याशिवाय आपल्याला आत सोडत नाहीत ना, तसंच! आठवलं नाही तर इतरांनी सांगायचं आणि त्यानं पुन्हा म्हणायचं.

खेळ 2 : काय हरवलं?
पाच पत्ते उघडे ठेवा. लेकरांना डोळे मिटायला सांगून एक लपवा. कोणता गेला ते मराठीत सांगायचं.

खेळ 3 : दुकान
एक दुकानदार, बाकी गिऱ्हाईक. "मला कोंबडी द्या," असं पूर्ण वाक्य बोलल्यावरच पत्ता द्यायचा.

लक्षात ठेवा
- रोज 15 मिनिटं पुरे. लेकरं कंटाळायच्या आत थांबा.
- दोन दिवसांनी जुने पत्ते पुन्हा काढा, नाहीतर शब्द विसरतात.
- चुकलं तर रागावू नका. बरोबर शब्द आपण शांतपणे म्हणायचा.
- "कोरकू बोलू नको" असं कधीच म्हणू नका. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही, शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत मुलांच्या घरच्या भाषेतून शिकवावं, असं म्हटलंय.

ताई, तुम्हाला लिहिता-वाचता येत नसलं तरी हा खेळ घेता येतो. एखादा मराठी शब्द अडला तर अंगणवाडी ताईंना विचारा. कोरकूतला शब्द तर तुम्हीच त्यांना सांगाल!

पुढच्या मासिक बैठकीत हप्ते जमा झाले की अर्धा तास काढा. प्रत्येक गटानं दोन संच करायचे : एक गटातल्या लेकरांसाठी, एक अंगणवाडीसाठी. कात्री आणि रंग सोबत आणा.