घरासाठी सूर्याची उष्णता व वीज

निरभ्र आकाशात भर दुपारी किरणांसमोर धरलेल्या एक चौरस मीटर पृष्ठावर सुमारे एक किलोवॉट इतकी सौरशक्ती पडते. भारताच्या बहुतेक भागांत दिवसभरात ही ऊर्जा दर चौरस मीटरला सुमारे ४ ते ७ किलोवॉट-तास, म्हणजेच विजेच्या मीटरवरील ४ ते ७ युनिटे भरते. घरात तिचा उपयोग तीन रीतींनी होतो. छपरावरील जागा मर्यादित असल्याने कोणत्या कामास कोणती रीत योजावी, हे जाणणे अगत्याचे आहे.

पहिली रीत इमारतीच्या रचनेची. लेह येथे सुमारे ३,५०० मीटर उंचीवर हिवाळा अतिशय कडक असतो, परंतु ऊन स्वच्छ पडते. डिसेंबरच्या उत्तरार्धात तेथील माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेस क्षितिजापासून केवळ ३२ अंश वर असतो. जूनमध्ये तो सुमारे ७९ अंशांवर चढतो. म्हणून दक्षिणेच्या खिडकीतून हिवाळ्यातील ऊन खोलवर शिरते व उन्हाळ्यातील ऊन छज्ज्याने अडते. काचेमागे काळी, जाड भिंत बांधल्यास ती दिवसा तापते. तिच्यातून निघणारे अवरक्त किरण काचेतून सहज बाहेर जात नाहीत. साठलेली उष्णता रात्री हळूहळू खोलीस मिळते.

दुसरी रीत पाणी तापविण्याची. काच लावलेल्या उष्णतारोधक पेटीत काळा पत्रा व त्याला जोडलेल्या नळ्या असतात. नळ्यांतील तापलेले पाणी हलके होऊन वरच्या टाकीत चढते व थंड पाणी खाली येते. त्यामुळे पंप लागत नाही. १०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापविण्यास सुमारे ४ किलोवॉट-तास लागतात. ज्या दिवशी दर चौरस मीटरला ५ किलोवॉट-तास ऊर्जा मिळते, त्या दिवशी २ चौरस मीटरच्या पेटीवर १० किलोवॉट-तास पडतात. त्यातील निम्मी उष्णता पाण्यास मिळाली तरी काम भागते.

तिसरी रीत विजेची. प्रकाशामुळे विद्युत्प्रवाह निर्माण होतो, हे बेकरेल यांनी १८३९ मध्ये दाखविले. १९५४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने तयार केलेला सिलिकॉनचा घट सुमारे ६ टक्के प्रकाशाचे विजेत रूपांतर करीत असे; आजच्या पट्टिका २० टक्क्यांच्या आसपास करतात. घट तापले की त्यांची कार्यक्षमता घटते, म्हणून पट्टिकांखाली हवा खेळण्यास जागा सोडतात.

आता तुलना पाहू. तेच १०० लिटर पाणी पट्टिकांच्या विजेवर कॉइलने तापवावयाचे, तर त्याच उन्हात सुमारे ४ चौरस मीटर पट्टिका, म्हणजे दुप्पट जागा लागते. शिवाय गरम पाणी टाकीत रात्रभर टिकते, तर वीज साठविण्यास बॅटरी हवी. यास्तव उन्हाने थेट होणारी कामे उन्हानेच करावीत आणि छपरावरील वीज दिवे, पंखे व यंत्रांसाठी राखावी. घराचा आराखडा आखताना केलेला हा विचार नंतरच्या खर्चापेक्षा स्वस्त पडतो.