दीड मीटर फळीवरील रेल्वे

आगगाडीची प्रतिकृती म्हटली की प्रशस्त दालन आणि गोल फिरणारे रूळ डोळ्यांसमोर येतात. मूळ गाडीच्या १/८७ आकाराच्या ‘एचओ’ या प्रचलित प्रमाणात सुमारे ३६ सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ मांडावयाचे, तर पाऊण मीटरहून अधिक रुंद फळी लागते. लहान घरात वा वसतिगृहात तेवढी जागा कोठून आणावी?

इंग्लंडमधील ॲलन राइट यांनी ‘इंगलनूक सायडिंग्ज’ या आराखड्यात वर्तुळच वगळले. दोन सांध्यांतून तीन रूळ फुटतात. एकावर पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंवर प्रत्येकी तीन. सांध्यांच्या दुसऱ्या बाजूस इंजिन आणि तीन वाघिणी एवढीच जागा असते. आठ वाघिणींच्या चिठ्ठ्या टाकून पाच काढावयाच्या व त्याच क्रमाने गाडी जोडावयाची. असे क्रम ६,७२० होतात आणि प्रत्येक जुळवता येतो.

बांधणीपूर्वी वाघिणी जोडणीसह मोजाव्यात. वाघीण १०, इंजिन १५ व प्रत्येक सांधा २० सेंटिमीटर धरल्यास लांबी ४५ + ४० + ५०, म्हणजे १३५ सेंटिमीटर भरते. शेजारच्या रुळावरील वाघिणी परस्परांस घासू नयेत म्हणून थोडे अंतर मिळवून दीड मीटर फळी घ्यावी. पूर्ण आकाराचा आराखडा कागदावर रेखून त्यावर वाघिणी ठेवून पाहाव्यात. मगच रूळ ठोकावेत.

रूळ लांबविण्याचा मोह मात्र टाळावा. एका वाघिणीची जागा वाढली, तरी कोडे सोपे होते. येथे विचार करावयास लावते ती जागेची मर्यादाच.