म्हातारी मांजर आणि केसांच्या गाठी

आरोग्याच्या सदरात आज मांजर कुठून आली, असा प्रश्न वाचकांना पडेल. मी माणसांचा डॉक्टर. जनावरांचे शास्त्र मी शिकलेलो नाही. परंतु दवाखान्यात येणारा पेशंट घरची सगळी काळजी बरोबर घेऊन येतो, आणि त्यात कधी कधी मांजरही असते. शिवाय या प्रकरणात माझी एक चूक झाली आहे, ती सांगितलेली बरी.

खामगावातील एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे मधुमेहासाठी येतात. यजमान नाहीत, मुलगा पुण्याला. सोबतीला एक पांढरी पर्शियन मांजर, मुलानेच पिल्लू असताना आणून दिलेली. आज तिचे वय १३. गेल्या उन्हाळ्यात बाई साखर तपासायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, आमच्या राणीच्या अंगावर केसांच्या गाठी व्हायला लागल्या. आधी दिवसभर चाटूनपुसून स्वच्छ राहायची. आता तिचं स्वतःकडे लक्षच नाही." मी रक्तदाबाचा पट्टा गुंडाळत सहज म्हणालो, "बाई, वय झालं तिचं." त्यांनी मान हलवली आणि विषय तिथेच संपला.

दोन महिन्यांनी बाई पुन्हा आल्या तेव्हा त्यांचे डोळे सुजलेले होते. मांजर वाळून निम्मी झाली होती. शेवटी शेजारच्या मुलाने गाडी काढून तिला अकोल्याला पशुवैद्यांकडे नेले. मागच्या दोन दाढा किडलेल्या, हिरड्या सुजलेल्या, मूत्रपिंडे थकत चाललेली निघाली. तिचे तोंड दुखत होते, म्हणून ती अंग चाटत नव्हती. लक्षण पहिल्या दिवशीच सांगितले गेले होते. मी ते ऐकले नाही.

मांजरीच्या जिभेवर मागच्या बाजूला वळलेले बारीक काटे असतात. आपल्या नखाचा पदार्थ आणि त्या काट्यांचा पदार्थ एकच. ही जीभ म्हणजे मांजरीची फणी. त्या फणीने गळालेला केस निघतो, त्वचेचे तेल केसांवर सारखे पसरते. लांब केसांच्या मांजरीला वरच्या केसांखाली मऊ लोकरीसारखा आतला थर असतो. चाटणे थांबले की गळालेला केस त्या थरात अडकतो, तेल आणि धूळ बसते, आणि नमद्यासारखी गाठ तयार होते. कानांमागे, काखेत, जांघेत आणि शेपटीच्या बुडाशी आधी हात लावून पाहावे. गाठ नुसती वाईट दिसते असे नाही. प्रत्येक पावलाला ती कातडी ओढते. पावसाळ्यात ती विष्ठेने भरली तर माशी बसून खाली अळ्याही पडतात.

वयाचा परिणाम नसतोच असे मी म्हणत नाही. कातडी पातळ होते, केस रखरखीत होतो, पाठीवर कोंडा दिसतो, नखे जाड होऊन वळतात आणि क्वचित पंजाच्या गादीतही रुततात. पण केस अचानक बिघडला तर त्यामागे बहुधा आजार असतो. अमेरिकेत २००२ साली १२ वर्षांवरील १०० मांजरींचे क्ष-किरण फोटो तपासले, तेव्हा ९० मांजरींच्या सांध्यांत किंवा मणक्यांत झीज आढळली. फोटोत झीज दिसली म्हणजे दुखतेच असे नाही, हे आम्ही माणसांच्या गुडघ्यांवरून जाणतो. तरी ज्या मांजरीला वळून पाठ चाटता येत नाही, तिच्या कमरेवरच गाठी होतात. लठ्ठ मांजरीचेही तसेच. आता ती ओट्यावर उडी मारते का, की आधी खुर्चीवर चढते, हे घरच्यांनीच पाहायचे असते.

दुसरा आजार थायरॉईडचा. मांजरींत ही ग्रंथी जास्त काम करते, हे १९७९ साली न्यूयॉर्कमध्ये प्रथम नीट नोंदले गेले. मांजर भरपूर खाते तरी वाळते, बेचैन असते, रात्री ओरडते, केस विस्कटलेला दिसतो. घरच्यांना वाटते, "चांगली खाते, मग काय काळजी?" पाणी जास्त पिणे आणि लघवी जास्त होणे दिसले तर मूत्रपिंड किंवा मधुमेह. उलट पोटावरचे केस चाटून चाटून साफ गेले असतील तर खाज, पिसवा किंवा मूत्राशयाचे दुखणे असू शकते. रक्त आणि लघवी तपासल्याशिवाय यातले काहीच नक्की सांगता येत नाही. आपल्या भागातली पशुवैद्यक मंडळी गाई-म्हशींत गुंतलेली असतात हे खरे, पण मांजर नेली तर पाहतात. मांजर दोन दिवस काहीच खात नसेल तर वाट पाहू नये. माणसाला उपास सोसतो. मांजरीच्या यकृतात चरबी साठून ते निकामी होऊ लागते.

घरी काय करावे? रोज थोडा वेळ विरळ दातांची लोखंडी फणी फिरवावी, केसांच्या टोकाकडून सुरुवात करून मुळाकडे जावे, मांजर कंटाळली की थांबावे. गाठ कात्रीने कापू नये. म्हाताऱ्या मांजरीची कातडी गाठीबरोबर वर ओढली जाते आणि केसांऐवजी तीच कापली जाते. घट्ट गाठी पशुवैद्याकडून मशीनने काढून घ्याव्यात. ओल्या पाण्याने गाठ आणखी आवळते, म्हणून आधी आंघोळ घालू नये.

आता माझ्या खात्यातला भाग. घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजरीला कधीही देऊ नका. तिच्या यकृतात हे औषध निकामी करण्याची सोय जवळजवळ नसते. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी जीव घेऊ शकते. कुत्र्यांच्या गोचिडांवरची परमेथ्रिन असलेली औषधेही तशीच विषारी. फिनाईलने पुसलेल्या ओल्या फरशीवरून मांजर चालली की पंजे चाटते, तेही विष पोटात जाते. फणी करताना मांजरीने चावले किंवा रक्त येईल असे ओरबाडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात या. मांजर घरचीच आहे म्हणून रेबीजची लस टाळू नये.

आणि मांजरीच्या अंगावर गोल टक्कल पडून खवले दिसले, त्याच सुमारास घरातल्या पोराच्या हातावर गोल चट्टा उठला, तर तो बहुधा गजकर्णाचा प्रकार. अशा वेळी लोक मेडिकलमधून मनानेच मलम आणतात. त्यात स्टेरॉईड असते, खाज थांबते, आणि आत बुरशी मजेत वाढत राहते. असे पेशंट मी दर आठवड्याला पाहतो.

राणीकडे परत येतो. मी बाईंना विचारले, "इतक्या गाठी होईपर्यंत फणी का नाही केलीत?" त्या खाली बघत म्हणाल्या, "हात उचलत नाही, साहेब. चार महिने झाले." तेव्हा कुठे माझे लक्ष त्यांच्या डोक्याकडे गेले. वर्षानुवर्षांची वेणी गेली होती. शेजारच्या मुलीकडून केस आखूड कापून घेतले होते. मधुमेह्यांमध्ये खांदा आखडणे हे नेहमीचे दुखणे. दर महिन्याला त्या माझ्यासमोर बसत होत्या, मी साखरेचा आकडा वाचत होतो, आणि त्यांना वेणी का घालता येत नाही हे मी विचारले नव्हते.

आता बाई भिंतीवर बोटे चढवण्याचा व्यायाम सकाळ-संध्याकाळ करतात. हात कानाच्या पातळीपर्यंत येतो. राणीच्या दाढा काढल्या, केस मशीनने उतरवले. ती उंदरासारखी दिसते अशी बाईंची तक्रार आहे. मऊ भात आणि उकडलेली कोंबडी चाटूनपुसून खाते, पशुवैद्यांनी दिलेले औषध त्यातच मिसळतात. मूत्रपिंडे बरी होणार नाहीत, हे त्यांना सांगितले आहे. नव्या केसांचा पहिला बारीक थर आला आहे आणि बाई रोज दुपारी त्यावर फणी फिरवतात, सध्या डाव्या हाताने.