मंडळाचा जुना संच भंगारात देण्याआधी

कशेळे, ता. कर्जत



भजनी मंडळाचा वॉल्व्हचा अॅम्प्लिफायर आणि इलेक्ट्रॉनिक ऑर्गन अजून किती वर्षं चालतील, की दोन्ही भंगारात द्यावेत, असं तू विचारलंस. अख्ख्या यंत्राला एकच वय लावू नकोस, प्रत्येक भागाचं वय निराळं असतं. ट्रान्सफॉर्मर ओलीपासून आणि तापण्यापासून जपला तर पन्नास वर्षांनीही ठणठणीत असतो. पॉवरचे वॉल्व्ह काही हजार तासांत थकतात. बहुतेक वेळा सगळ्यांत आधी जातात ते फिल्टरचे कंडेन्सर.

कंडेन्सरवर ८५ अंश आणि २००० तास असं लिहिलेलं असेल, तर तापमान दर १० अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं. म्हणजे ४५ अंशांवर ३२,००० तास. मंडळाचा संच वर्षाला शंभर तासही वाजत नाही, तेव्हा या हिशोबाने तो तीनशे वर्षं टिकायला हवा! तसं होत नाही, कारण नुसतं पडून राहिल्यानेही कंडेन्सर म्हातारा होतो. त्याचं रबरी बूच कडक होतं, आतला द्रव हळूहळू उडून जातो, आणि वीज मिळाली नाही की आतल्या पत्र्यावरचा ऑक्साइडचा पातळ थर कमजोर पडतो. त्यात आपल्याकडचा पाऊस. भीमाशंकरच्या पायथ्याला जून ते सप्टेंबर भिंतींना ओल असते. देवळाच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली ठेवलेल्या संचाच्या पिना हिरव्या पडतात, व्हॉल्यूम खरखरतो आणि जाळीतून पाली आत शिरतात.

म्हणून वर्षभर बंद असलेला अॅम्प्लिफायर कार्यक्रमाच्या आदल्या रात्री एकदम मेनला लावू नकोस. आधी झाकण उघडून फुगलेले, गळलेले कंडेन्सर बघ. मग शंभर वॉटचा जुन्या पद्धतीचा बल्ब सिरीजमध्ये घालून चालू कर. एलईडी चालणार नाही. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद कर. आणि वॉल्व्हच्या संचात चारशे व्होल्टपेक्षाही जास्त डीसी असू शकतो, तो प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये राहतो. रेझिस्टर लावून तो उतरव, मीटरने खात्री कर, मगच आत हात घाल. याबाबत मी कुणाचंही ऐकून घेणार नाही.

ऑर्गनचं दुखणं कान देऊन ऐकलंस तर अर्धं निदान होतं. एकच पट्टी मुकी असेल तर बहुधा तिचा कॉन्टॅक्ट मळलाय. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुस, पॉलिश पेपर मारू नकोस. पण काळी चार सगळ्या सप्तकांत एकदम बेसूर झाली, तर दोष पट्टीत नाही. जुन्या ट्रान्झिस्टर ऑर्गनमध्ये बारा सुरांचे बारा ऑसिलेटर असतात आणि खालची सप्तकं त्याच कंपनांचे भाग पाडून मिळतात, त्यामुळे एक ऑसिलेटर हलला की त्याचा सूर सगळीकडे हलतो. हे दुरुस्त होतं. १९३५ साली बाजारात आलेल्या हॅमंडच्या चाकांच्या ऑर्गनला वर्षातून एकदा तेल लागतं, आणि तसे कित्येक जुने ऑर्गन आजही वाजतात. कंपनीने खास स्वतःसाठी बनवलेली चिप असलेला पुढच्या काळातला कीबोर्ड मात्र ती चिप गेली की बहुधा संपतो. तो सुट्या भागांसाठी ठेव.

माझं मत स्पष्ट आहे: अॅम्प्लिफायर ठेवा. कंडेन्सर बदलले, सोल्डर पुन्हा मारलं आणि दर महिन्याला तासभर वाजवला, तर तो आणखी वीस वर्षं सहज काढेल. ऑर्गनचं आताच सांगता येत नाही. त्याचं मागचं झाकण काढून बोर्डाचा स्वच्छ फोटो पाठव, आणि तोवर मंडळाला नवीन घ्यायची घाई करू देऊ नकोस.

तुझा,
मामा