पत्त्यांच्या पटावरील समत्व

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील सत्तेचाळिसावा श्लोक ज्यास पाठ नाही, असा गीताप्रेमी गृहस्थ विरळाच. परंतु पाठ असलेला श्लोक माणसाला नेहमी तारतोच असे नाही. कित्येकदा तो त्याच्या व्यसनाची ढाल होतो. प्रस्तुत लेखकाच्या बाबतीत असेच घडले. तो अनुभव येथे मांडण्याचा हेतू एवढाच की, ज्यांच्या घरी वाढती मुले आहेत आणि हाती मोबाइल आहे, अशा गृहस्थांस त्याचा काही उपयोग व्हावा.

२०२० सालच्या टाळेबंदीत कचेरीचे काम घरी आले आणि रात्री मोकळ्या झाल्या. एका सहकाऱ्याने ऑनलाइन पोकरच्या स्पर्धांची ओळख करून दिली. खेळ समजण्यास सोपा आहे. ५२ पत्त्यांच्या कॅटमधून प्रत्येकास दोन झाकली पाने मिळतात. मग सर्वांसाठी सामाईक अशी पाच पाने उघडली जातात, आधी तीन, नंतर एक, नंतर एक. या सातांतून ज्याची पाच पाने श्रेष्ठ, त्याचा डाव. मध्यंतरी बोली चालते. ज्यास धीर नसेल त्याने पाने टाकून द्यावी. स्पर्धेत सर्वजण सारखीच प्रवेश-फी भरतात व सर्वांस सारख्याच चिप्स मिळतात. ठरावीक मिनिटांनी सक्तीच्या बोलीची रक्कम वाढत जाते, त्यामुळे कोणासही स्वस्थ बसून राहता येत नाही. चिप्स संपल्या की खेळाडू बाहेर. बहुतेक सर्व रिकाम्या हाताने उठतात. शेवटी उरलेल्या थोड्यांस बक्षीस मिळते, आणि त्यातलाही मोठा वाटा पहिल्या दोघातिघांचा.

या खेळाकडे हौशी माणूस ओढला जातो तो एका कथेमुळे. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील ख्रिस मनीमेकर हा हिशेबनीस एका ऑनलाइन स्पर्धेतून प्रवेश मिळवून २००३ मध्ये लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत उतरला आणि ८३९ खेळाडूंत पहिला येऊन २५ लाख डॉलर घेऊन गेला. ही कथा मलाही ठाऊक होती. उरलेल्या ८३८ जणांचा विचार मात्र माझ्या मनात कधी आला नाही.

मी जुगारी नव्हे, अभ्यासू आहे, अशी माझी समजूत होती. पुस्तके वाचली, गणित शिकलो. एक्क्यांची जोडी २२१ डावांत सरासरी एकदाच हाती येते. आणि तिच्यासमोर राजांची जोडी आली तरी पाच डावांत सुमारे एकदा राजेच जिंकतात, हे मनावर बिंबविले. या विद्येचे सार असे की, निर्णय योग्य होता की नाही एवढेच पाहावे. पाने काय उघडली त्याचा शोक करू नये. हे वाचताच मला गीता आठवली. फळावर दृष्टी न ठेवता कर्म करणे ते हेच, असे वाटले. एक वही घातली. प्रत्येक स्पर्धेची फी, बक्षीस आणि निर्णयांतील चुका तीत टिपू लागलो. हरल्यावर राग येईनासा झाला. आपणास समत्व साधले, असे मी मनाशी म्हणू लागलो.

चौदा महिन्यांनी एके रात्री पत्नीने ती वही पाहिली. २१२ स्पर्धा, फी १,०६,००० रुपये. ३१ स्पर्धांत बक्षीस, एकूण ८८,४०० रुपये. तूट १७,६०० रुपये. मी म्हणालो, "घर बुडविण्याजोगे यात काही नाही." ती शांतपणे म्हणाली, "अहो, रुपयांचा हिशेब ठीक आहे. पण रात्रींचा रकाना कोठे आहे?" मी मोजून पाहिले. सरासरी अडीच तास धरले तरी ५३० तास, म्हणजे बावीस अहोरात्र होतात. त्या रात्रींत वडिलांच्या खोलीतून हाक आली असता "आलोच" म्हणून मी किती वेळा जागचा हललो नाही, याची नोंद वहीत नव्हती. दुसऱ्या दिवशी पंधरा वर्षांच्या मुलाने विचारले, "बाबा, फळाची आशा सोडली तर मीही खेळू का?" या प्रश्नाने माझी ढाल गळून पडली.

तेव्हा मी तोच श्लोक पुन्हा वाचावयास बसलो. जो दोष चौदा महिने दिसला नव्हता, तो दिसला. फलत्यागाची गोष्ट तेथे नंतर येते. आधी कर्माचा अधिकार सांगितला आहे. अर्जुनापुढे जे कर्म होते ते त्याचे विहित कर्तव्य होते. कोणतेही कर्म निवडावे आणि मन शांत ठेवले की ते पवित्र झाले, असा त्या उपदेशाचा अर्थ नव्हे. शांतपणे केलेले अकर्तव्य हे अकर्तव्यच राहते.

दुसरी गोष्ट तिसऱ्या अध्यायातील यज्ञविचाराची. एकमेकांचे पोषण करीत सर्वांनी श्रेय मिळवावे, हा तेथील जीवनक्रम आहे. शेतकरी, विणकर, शिक्षक यांच्या कमाईबरोबर जगात काही नवे निर्माण होते. पोकरच्या पटावर काय निर्माण होते? समजा, शंभर जणांनी प्रत्येकी ११० रुपये भरले. त्यांतील १० चालकाचे आणि १०० बक्षिसाचे. गोळा झाले ११,००० आणि परत वाटले १०,०००. म्हणजे मला मिळालेला प्रत्येक रुपया दुसऱ्या कोणाच्या तरी घरातून आलेला, आणि एक हजार सर्वांच्याच हातून गेलेले. यात कौशल्य आहे, हे मी नाकारीत नाही. पण कौशल्याने तो रुपया कोणाकडून घ्यावयाचा एवढेच ठरते.

येथे कोणी शंका घेईल की, दहाव्या अध्यायात भगवंतांनी छलकारक गोष्टींतील द्यूत ही आपली विभूती म्हटली आहे, त्याचे काय? ही शंका मीही सोयीने वापरली होती. परंतु त्याच अध्यायात पशूंतील सिंह, जलचरांतील मगर आणि सर्व हरण करणारा मृत्यू यांचीही गणना आहे. म्हणून कोणी सिंह घरात पाळीत नाही. त्या त्या वर्गात जेथे सामर्थ्य पराकोटीला जाते ते स्थान तेथे दाखविले आहे. आचरणाची आज्ञा दिलेली नाही. उलट तो शब्द आपणास सावधच करतो: भुलविणाऱ्या सर्व गोष्टींत द्यूताएवढे बलवान काही नाही. धर्मराज युधिष्ठिरासारखा विवेकी पुरुष त्यात राज्य, भाऊ आणि द्रौपदी घालवून बसला, तेथे आपल्या गणिताचा काय पाड!

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. खेळ कौशल्याचा की दैवाचा, हा भेद त्यात ठेवलेला नाही. शिक्षा आहे ती असे खेळ चालविणाऱ्यास व त्यांची जाहिरात करणाऱ्यास. नुसत्या खेळणाऱ्यास नाही. कायद्याने बाहेरचे दार लावले, हे चांगलेच झाले. पण आतले दार ज्याचे त्यानेच लावावयाचे असते.

मी खेळ सोडला तेव्हा पहिले वीस-पंचवीस दिवस रात्री दहा वाजले की हात आपोआप मोबाइलकडे जाई. ज्याला मी समत्व समजत होतो त्याची खरी परीक्षा तेव्हा झाली. हरल्यावर शांत राहणे मला जमले होते. न खेळता शांत राहणे जमत नव्हते. आसक्ती ओळखण्याची हीच सोपी खूण होय.

म्हणून वाचकांस विनंती अशी की, आपल्या कोणत्याही छंदास गीतेचा आधार देण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःस विचारावे. हे माझे कर्तव्य आहे काय? माझ्या लाभात कोणाची हानी आहे काय? आणि हे आठ दिवस सोडून मला स्वस्थ बसता येईल काय? उत्तरे मनातल्या मनात देऊ नयेत. घरच्या माणसांसमोर मोठ्याने द्यावीत. त्यांच्यापाशी जो रकाना असतो, तो आपल्या वहीत बहुधा नसतो.