सगळ्यांना सांभाळणाऱ्याला कोण सांभाळणार?

मंडळी, हा लेख आरोग्याचा की पैशांचा, असा प्रश्न संपादकांना पडला असेल. वाचून तुम्हीच ठरवा. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. जे अनुभवले आणि त्यानिमित्ताने जे शोधून काढले, तेवढेच सांगतो.

माझा धाकटा भाऊ नाशिकला असतो. त्याचे पिणे वाढले, नोकऱ्या सुटल्या, उसनवारी वाढली. नेपरव्हिलला रात्री अडीचला फोन वाजला की तो आईचा, हे ठरलेले. "तू मोठा आहेस, तूच बघ." मी बघत असे. पैसे पाठवायचे, देणेकऱ्यांची समजूत घालायची, त्याच्या साहेबांना "तो आजारी आहे" असे सांगायचे. चार वर्षांत किती डॉलर गेले, याचा हिशेब एकदा टॅक्सचे कागद लावताना केला. आकडा लिहीत नाही. मुलीच्या कॉलेजसाठी उघडलेल्या खात्यात मात्र त्या काळात एक पैसाही पडला नव्हता. त्याहून वाईट म्हणजे फोन आला नाही, तरी मी जागाच असे. एका रात्री बायको शांतपणे म्हणाली, "त्याला दारूची सवय आहे, आणि तुला त्याला वाचवायची."

या दुसऱ्या सवयीला इथे कोडिपेंडन्सी म्हणतात. दुसऱ्याला सावरण्याच्या नादात माणूस स्वतःची झोप, पैसा, संसार विसरतो, आणि समोरच्याला आपल्या वागण्याचे परिणाम कधी भोगावेच लागत नाहीत. हा शब्द व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातून आला. व्यसनी माणसाच्या घरच्यांनाही आधार लागतो, हे ओळखून अमेरिकेत १९५१ साली अल-अ‍ॅनॉन ही संघटना सुरू झाली. १९८६ साली मेलडी बीटी यांचे 'कोडिपेंडंट नो मोअर' हे पुस्तक आले आणि शब्द घरोघरी पोहोचला. त्याच वर्षी पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तिथेही रुग्णाइतकेच लक्ष त्याच्या कुटुंबाकडे दिले जाते. तेव्हा हे काही केवळ अमेरिकन खूळ नव्हे. आणि दारूच हवी असेही नाही. रागीट जोडीदार, सतत कर्ज करणारा मुलगा, प्रत्येक निर्णय आपल्यावर टाकणारे आईवडील, यांच्याभोवतीही हेच चक्र फिरू शकते.

इथे आपल्यापैकी अनेकांना शंका येईल, की मग आईवडिलांना पैसे पाठवणे, भावाच्या मदतीला धावणे हाही आजार का? मुळीच नाही. मी स्वतःला तीन प्रश्न विचारायला शिकलो. मदत केल्यावर समाधान वाटते, की फक्त भीती थोडा वेळ कमी होते? "या वेळी जमणार नाही" असे मला म्हणता येते का? माझ्या मदतीने समोरचा उभा राहतो, की परिणामांपासून सुटतो? माझी तिन्ही उत्तरे चुकीच्या बाजूची होती.

आता थेरपिस्ट कसा शोधावा, ते क्रमाने सांगतो.

१. पदवी आणि परवाना पाहा. इलिनॉयमध्ये स्वतंत्रपणे उपचार करणाऱ्यांच्या नावापुढे एलसीपीसी, एलसीएसडब्ल्यू किंवा एलएमएफटी ही अक्षरे असतात, किंवा ते लायसन्स्ड क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतात. नुसते एलपीसी असेल, तर ती व्यक्ती दुसऱ्याच्या देखरेखीखाली काम करते. तेही चालते, पण विमा चालेल का ते आधी विचारावे. राज्याच्या व्यावसायिक नियमन खात्याच्या वेबसाइटवर नाव घालून परवाना तपासता येतो, पैसे पडत नाहीत. 'कोच' म्हणवणाऱ्याला असा परवाना लागत नाही, हे ध्यानात ठेवा.

२. भाषेचा विचार करा. मराठीतून बोलायला मिळावे म्हणून भारतातल्या समुपदेशकाकडे व्हिडिओवर जावेसे वाटते. परंतु उपचार घेणारा ज्या राज्यात बसला आहे, तिथे काम करण्याची मुभा थेरपिस्टकडे असावी लागते, आणि इथला विमा परदेशातल्या सत्रांचे पैसे सहसा देत नाही. उलट इलिनॉयचा परवाना असलेली व्यक्ती राज्यात कुठेही असो, व्हिडिओवर चालते. आई आमच्याकडे आली होती, तेव्हा मी कित्येक सत्रे ९५व्या स्ट्रीटवरच्या लायब्ररीबाहेर गाडीत बसून केली.

३. पहिल्या फोनवरच प्रश्न विचारा. बरेच जण दहा-पंधरा मिनिटे फुकट बोलतात. मी पहिल्या खेपेला काहीच न विचारता गेलो. त्या बाईंनी दुसऱ्याच भेटीत घरच्यांशी संबंध तोडायला सांगितले. मी परत गेलो नाही, आणि सहा महिने दुसरीकडेही गेलो नाही. ती चूक माझी. पुढच्या वेळी फोनवरच विचारले: व्यसनी माणसाच्या नातेवाइकांबरोबर तुम्ही काम केले आहे का? एकत्र कुटुंबातल्या, स्थलांतरित लोकांबरोबर? आईला पैसे पाठवणे तुमच्या मते चूक आहे का? हे गृहस्थ म्हणाले, "ते मी कसे ठरवणार? तुम्ही ते कशासाठी करता, ते आपण पाहू." तिथेच माझे ठरले. कर्तव्यालाच आजार म्हणणारा नको, तसाच कर्तव्याच्या नावाखाली आपल्याला लपू देणाराही नको.

४. पैशांचे आधी बोला. कंपनीत ईएपी असेल, तर ठराविक सत्रे फुकट मिळतात. तिथून सुरुवात करावी. नंतर आपल्या विम्याच्या नेटवर्कमधली यादी मागवा आणि डिडक्टिबल, को-पे विचारा. थेरपिस्ट नेटवर्कबाहेरचा असेल, तर 'सुपरबिल' मागून विम्याकडे पाठवता येते. कोडिपेंडन्सी हे अधिकृत निदान नाही, ते डीएसएममध्ये नाही. त्यामुळे चिंता, नैराश्य यांसारखे खरोखर लागू पडणारे निदान असेल, तरच विमा सहसा पैसे देतो. आपल्या कागदावर काय लिहिले जाणार, हे विचारण्यात संकोच नको. निदान झालेल्या मानसिक आजाराच्या थेरपीसाठी एचएसए, एफएसएचे पैसे चालतात, केवळ वैवाहिक समुपदेशनासाठी चालत नाहीत. स्वतः पैसे भरणाऱ्याला २०२२ पासून खर्चाचा लेखी अंदाज मागण्याचा हक्क आहे. बिल त्याहून ४०० डॉलर किंवा अधिक वाढले, तर तक्रार करता येते.

५. "ऑफिसात कळेल का?" ही भीती मलाही होती. थेरपिस्टच्या नोंदी तुमच्या लेखी परवानगीवाचून कंपनीला देता येत नाहीत. जिवाला धोका किंवा मुलांचा छळ अशा काही बाबतींत मात्र थेरपिस्टला गुप्तता बाजूला ठेवावी लागते. पहिल्याच भेटीत हे अपवाद समजावून घ्यावेत.

६. पैसे नसतील, तर थांबू नका. अल-अ‍ॅनॉनच्या सभांना शुल्क नसते. घरात कोणाला मानसिक आजार असेल, तर व्हीटनची नामी ड्यूपेज ही संस्था कुटुंबीयांसाठी विनामूल्य गट चालवते.

एक गोष्ट ठळकपणे सांगतो. घरात मारहाण किंवा धाक असेल, तर तो कोडिपेंडन्सीचा प्रश्न समजू नका, आणि जोडीने समुपदेशनाला जाण्याची घाई करू नका. आधी सुरक्षितता. शिकागोची 'अपना घर' ही संस्था दक्षिण आशियाई आणि इतर स्थलांतरित कुटुंबांसाठी हेच काम करते. जीव नकोसा वाटत असेल, तर ९८८ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

माझे काय झाले? सव्वा वर्ष मी दर आठवड्याला गेलो. आता भावाचे कर्ज मी फेडत नाही. उपचाराचे पैसे मात्र थेट केंद्राकडे भरतो. आईशी रविवारी सकाळी निवांत बोलतो, आणि रात्री फोन दुसऱ्या खोलीत असतो. पहिल्यांदा "नाही" म्हटले, तेव्हा आई रडली आणि दोन आठवडे बोलली नाही. ते फार जड गेले. भाऊ उपचार घेऊन आला, एकदा घसरला, पुन्हा गेला. पुढे काय होईल, ते माझ्या हातात नाही, आणि हे वाक्य लिहायला मला सव्वा वर्ष लागले.

तुमच्याही घरी असा रात्री अडीचचा फोन वाजत असेल, तर या आठवड्यात एक फोन तुम्ही करा, स्वतःसाठी.